रिकाम्या जागा भरा : नैराश्यातल्या नकळत स्मृतीचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा ते नैराश्याचं म्हणून आलंच नव्हतं. नागपुरातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला, "आमच्या एका मॅडमशी जरा बोलाल का? मुलांना काहीतरीच लिहून देतात." तिथून सुरुवात झाली. त्या शिक्षिकेच्या लेखी परवानगीने मी हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे शोभाताई म्हणू.

पार्श्वभूमी

शोभाताई 47 वर्षांच्या. दक्षिण नागपुरातल्या एका खासगी शाळेत 22 वर्षं मराठी शिकवतात. माहेर वर्ध्याकडचं, सासर नागपुरातल्याच महाल भागातलं, आता मानेवाड्याकडे स्वतःचं घर. यजमान कोळसा खाणीत, पाळीच्या नोकरीवर, त्यामुळे आठवड्यातले तीन-चार दिवस तिकडच्या वसाहतीतच. मुलगा इंजिनिअर होऊन पुण्याला गेला. घरात उरल्या सासू आणि सून. सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होत्या. शाळा सांभाळून त्यांचं सगळं शोभाताईंनीच केलं. फेब्रुवारीत सासूबाई गेल्या.

लोकांनी समजूत घातली ती अशी : "सुटल्या बिचाऱ्या, आणि तुम्हीही सुटलात." शोभाताईंना खरोखरच सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि तेच त्यांना टोचत होतं. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही पाचव्या भेटीत सांगितलं.

मग मे महिना आला. नागपूरचा मे, पारा 45 च्या वर. दारं-खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कुलरची घरघर आणि घरात एकटी बाई. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटीच उघडतात, म्हणजे ही कोंडी जवळजवळ दोन महिन्यांची. या काळात त्यांना पहाटे चारला जाग येऊ लागली. जेवणावरची वासना उडाली. ज्यांच्या सांबारवडीची, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीची, सगळी स्टाफरूम वाट पाहायची, त्यांनी वर्षभरात एकदाही सांबारवडी केली नव्हती. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, अगदी त्यांनी स्वतःही एकच कारण धरलं होतं, पाळी जायचं वय आहे. या वयातल्या बायकांचं नैराश्य आपल्याकडे याच एका वाक्याखाली किती वर्षं दडून राहतं, हे मी रोज पाहते, आणि दर वेळी मन खंतावतं.

अडचण कशी समोर आली

शोभाताई सातवीच्या दोन्ही तुकड्यांसाठी दर आठवड्याला एक वर्कशीट तयार करायच्या. वाक्प्रचार, रिकाम्या जागा, विरुद्धार्थी शब्द, पाच-सहा ओळींचा उतारा. पुस्तकातली वाक्यं उचलायच्या नाहीत, सगळी स्वतःची. मुलांना ती आवडायची.

ऑगस्टअखेर एका पालक आईने शाळेत तक्रार केली. तिचा मुलगा गृहपाठ करताना तिला म्हणाला होता, "आई, आमच्या मॅडमच्या वाक्यात सगळे मरतात काहून?" मग मुख्याध्यापिकांनी जुलैपासूनची सगळी वर्कशीटं काढून वाचली. 'वाट पाहणे' या वाक्प्रचारापुढे नमुना होता, 'ती दारात वाट पाहत राहिली, पण कोणीच आलं नाही.' 'हात देणे' पुढे, 'पुरात वाहणाऱ्याला कुणीच हात दिला नाही.' रिकाम्या जागांत, 'घर मोठं होतं, पण घरात ____ नव्हतं.' विरुद्धार्थी शब्दांसाठी दिलेले शब्द वरवर छान होते, उजेड, आशा, यश, सोबत. पण मुलांनी उत्तरं लिहिली की कागदावर उरायचं ते अंधार, निराशा, अपयश, एकटेपणा.

मारबतीवरचा उतारा सगळ्यांनाच खटकला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात पिवळी आणि काळी मारबत, म्हणजे शेवटी जाळायचे मोठे पुतळे, मिरवत निघतात, बडगे नावाचे पुतळेही निघतात, ढोलताशे वाजतात आणि 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' या आरोळीने महाल-इतवारीचे रस्ते दणाणतात. सासर महालातलं असलेल्या बाईने हे 20-22 वर्षं डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांच्या उताऱ्यात ढोल नव्हता, आरोळी नव्हती. होतं ते असं, 'सगळे घरी गेले. जळून गेल्यावर मागे राहिली फक्त राख.'

मागच्या वर्षीचं वर्कशीट समोर ठेवल्यावर फरक लख्ख दिसला. तेव्हा 'वाट पाहणे' चं वाक्य होतं, 'आम्ही सगळे पोळ्याची वाट पाहतो.'

मुख्याध्यापिकांनी हे कागद चार शिक्षकांसमोर शोभाताईंपुढे ठेवले. शोभाताई बराच वेळ वाचत राहिल्या आणि म्हणाल्या, "अक्षर माझंच आहे जी. पण लिहिताना मला असं काही वाटत नव्हतं. सुचलं ते लिहिलं."

'सुचलं ते लिहिलं.' या प्रकरणाचा गाभा या तीन शब्दांत आहे.

पहिल्या दोन भेटी

पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही वापरली जाते. गुण 0 ते 27 पर्यंत जातात. शोभाताईंचे 17 आले, म्हणजे मध्यम ते तीव्र यांच्या मधलं नैराश्य. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्यावर त्यांनी 'काही दिवस' असं उत्तर दिलं. मी सरळ विचारलं, कारण असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. "सकाळी जाग आलीच नाही तर बरं, असं वाटतं. पण तसं काही करायचं मनात नाही," त्या म्हणाल्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये त्यांच्याच हाताने टाकायला लावला. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासायला सांगितलं. बी-12 थोडं कमी निघालं, बाकी ठीक.

मग मी त्यांना म्हटलं, "गेल्या काही वर्षांतला एक आनंदाचा प्रसंग सांगा." उत्तर आलं, "लहानपणी बरं असायचं." एखादा ठरावीक दिवस? "सुट्टीत मामाकडे जायचो." कुठला एक दिवस, काय झालं होतं? त्या गप्प झाल्या. हे मुद्दाम टाळणं नव्हतं. नैराश्यातल्या माणसाची आठवण प्रसंगापर्यंत उतरतच नाही, वरवर सारांशातच घुटमळत राहते. 1986 साली मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या लोकांमध्ये हे नोंदवलं. पुढे नैराश्याच्या अभ्यासात ते पुन्हा पुन्हा दिसलं.

दुसऱ्या भेटीत मी एक साधा खेळ खेळले. चाचणी म्हणून नव्हे, बोलायला सुरुवात म्हणून. अर्धे शब्द दिले, अप…, नि…, एक…, आणि पहिला मनात येईल तो शब्द पूर्ण करा म्हटलं. अपूर्णांक, निळा, एकादशी, असे शब्द आले. शाळेतल्या बाईला येतील तसेच. मग पूर्ण शब्द दिले आणि त्यावरून आठवेल ते म्हणा, असं सांगितलं. पाऊस म्हटल्यावर पूर. दिवा म्हटल्यावर विझलेला. दार म्हटल्यावर बंद. शब्दाचं नुसतं रूप पूर्ण करायचं होतं तिथे मन सपाट रस्त्यावर होतं. अर्थाकडे वळलं की उतार लागत होता. वर्कशीटांतही तेच. शुद्धलेखन तपासताना त्यांची ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक सुटत नव्हती. वाक्य मात्र एकाच बाजूला कलत होतं.

नकळत स्मृतीबद्दल जे माहीत आहे

आठवण म्हटलं की आपल्याला वाटतं, काहीतरी मुद्दाम आठवायचं. पण माणसाची बरीच स्मृती अशी असते की ती वापरली जाते आणि वापरणाऱ्याला पत्ता नसतो. जिनिव्हाचे क्लापारेद यांनी 1911 साली एका बाईंची हकीकत लिहिली आहे. त्यांची नवं लक्षात ठेवण्याची ताकद गेली होती. क्लापारेद यांनी एकदा हातात टाचणी लपवून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. पुढे हात पुढे केला की त्या हात मागे घ्यायच्या, आणि का, ते सांगता यायचं नाही. प्रसंग आठवत नव्हता, हाताला मात्र माहीत होता. 1985 मध्ये पीटर ग्राफ आणि डॅनियल शॅक्टर यांनी मुद्दाम आठवलेली स्मृती आणि अशी नकळत वापरली जाणारी स्मृती यांतला फरक नावानिशी मांडला.

नैराश्यात मुद्दाम आठवताना वाईट गोष्टी जास्त आठवतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. नकळत स्मृतीही तशीच झुकते का, यावर मात्र बराच काळ एकमत नव्हतं. गॉर्डन बॉवर यांनी 1981 मध्ये मांडलेल्या जाळ्याच्या कल्पनेप्रमाणे ती झुकायला हवी होती : उदास भावना जागी झाली की तिला जोडलेले शब्द आणि प्रसंग आपोआप जागे होतील. फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये नैराश्यातल्या लोकांना अर्धे शब्द पूर्ण करायला दिले, तेव्हा नकारात्मक शब्दांकडे कल दिसला नाही. मुद्दाम आठवायला सांगितल्यावर मात्र दिसला. 1996 मध्ये त्यांनी पद्धत बदलली. आधी लोकांना शब्द दाखवून प्रत्येक शब्दाच्या प्रसंगात स्वतःला कल्पायला सांगितलं. नंतर, आधीच्या शब्दांचा उल्लेख न करता, दुसऱ्या शब्दांवरून मनात येईल ते सांगायला लावलं. आता कल दिसला. नैराश्यातल्या लोकांच्या तोंडी आधीचे नकारात्मक शब्द जास्त येत होते आणि ते आपण आठवतो आहोत, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पुढे 2014 मध्ये गॅडी आणि इनग्राम यांनी असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. माहिती आत घेताना आणि बाहेर काढताना मनाचं काम एकाच जातीचं आहे का, यावर बरंच अवलंबून असतं, असं त्यातून पुढे आलं.

मला यातून कामाचं जे मिळालं ते असं. नैराश्य शब्दांच्या अक्षरांना हात लावत नाही. ज्या अर्थांवर मन रात्रंदिवस काम करत राहतं, ते अर्थ तापलेले राहतात आणि कुठेही रिकामी जागा दिसली की तिथे आधी जाऊन बसतात. शिक्षिकेचं तर कामच रिकाम्या जागा तयार करण्याचं.

घंटी

वर्कशीटं पुन्हा वाचताना मला एक गोष्ट दिसली. घंटी हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. 'घंटी वाजत राहिली, कोणी उठलं नाही.' 'रात्री घंटी वाजली तेव्हा सगळे गाढ झोपेत होते.' पाण्याचा पेलाही दोन-तीनदा आला होता.

तिसऱ्या भेटीत मी तो शब्द त्यांच्यासमोर ठेवला. सगळी वाक्यं एका कागदावर उतरवून, खाली रेघा मारून. शोभाताईंचा चेहरा उतरला. सासूबाईंच्या उशाशी देवघरातली पितळी घंटी ठेवलेली असायची, हाक मारायला आवाज पुरत नसे म्हणून. डिसेंबरच्या एका रात्री घंटी वाजली आणि दिवसभराच्या थकव्याने शोभाताईंना जाग आली नाही. सासूबाई पाण्याचा पेला घ्यायला वळल्या आणि पलंगावरून पडल्या. हाड मोडलं नाही, आणि दोन महिन्यांनी झालेला मृत्यूही त्यामुळे नव्हता. डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं होतं.

ती रात्र शोभाताई विसरल्या नव्हत्या. विचारल्यावर पेला स्टीलचा होता इथपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. त्यामुळे याला दडपलेली आठवण म्हणणं चूक ठरेल. आठवण पूर्ण शाबूत होती. वर्कशीट लिहिताना ती आपल्या लेखणीत उतरते आहे, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

आणि तरीही, तो कागद तेव्हा दाखवणं ही माझी चूक होती. ओळखीला जेमतेम दोन आठवडे झाले होते, औषध सुरू झालं नव्हतं, आणि मी शोध लागल्यासारखा पुरावा मांडला. पुढच्या भेटीला त्या आल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, "मॅडम, आता मी काहीच लिहू शकत नाही. प्रत्येक शब्द लिहायच्या आधी तपासते, यात काय लपलं असेल म्हणून. म्हणजे मी आतून अशीच आहे ना?"

नकळत येणाऱ्या शब्दाला मनाचं खरं रूप समजणं, हा नैराश्यातला फार घातक गैरसमज आहे. माझ्या कागदाने तो पक्का केला होता.

कोणते पर्याय समोर होते

शाळेसमोर दोन होते, लेखी ताकीद देणं किंवा वर्कशीटांचं काम काढून दुसऱ्याला देणं. दुसरा पर्याय दयेचा वाटतो, पण ज्या कामात त्यांची 22 वर्षांची ओळख होती तेच काढून घेणं म्हणजे नैराश्याच्या म्हणण्यावर शिक्का मारणं झालं असतं. शेवटी समांतर तुकडी शिकवणाऱ्या तरुण सहकारी शिक्षिकेने तोडगा काढला. "ताई लिहितील, मी वाचीन, मग छापू. मी नव्हतेच वाचत का आधी?" ताकीद टळली.

घरात वेगळाच विचार चालू होता. धाकट्या दिरांना कुणीतरी संमोहनाने 'अंतर्मनातलं सगळं बाहेर काढणाऱ्या' माणसाचा पत्ता दिला होता. घंटीची गोष्ट कळल्यावर तर त्यांना खात्रीच पटली की आत आणखी काही दडलं आहे. मी स्पष्ट विरोध केला. आत काही दडलेलं नव्हतं. खणत राहिलं की तीच रात्र दहा वेळा उकरली जाते, वाट आणखी मळते, आणि संमोहनाखाली न घडलेल्या गोष्टीही घडल्यासारख्या वाटू शकतात.

यजमानांचं म्हणणं साधं होतं. "आमच्या घरी तर सगळं बरोबर आहे जी. हिला चांगलं चांगलं आठवायला सांगा ना." त्यांनी एक वहीही आणून दिली होती, रोज पाच चांगल्या गोष्टी लिहायला. वही कोरीच राहिली. ज्याची आठवण प्रसंगापर्यंत उतरतच नाही, त्याला चांगलं आठव म्हणणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडायला लावणं. रोज रिकामा वर आला की माणूस विहिरीलाच दोष देतो.

औषधाचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञांचा. मी आधी केवळ संवादोपचाराने सुरुवात करावी, या मताची होते. पहाटेची जाग, वजनातली घट आणि नवव्या प्रश्नाचं उत्तर पाहून मत बदललं.

काय केलं

मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटॅलोप्राम या नैराश्यावरच्या गोळीने सुरुवात केली. परिणाम दिसायला काही आठवडे लागतील, हे यजमानांना समोर बसवून सांगितलं, नाहीतर आठव्या दिवशी गोळ्या बंद होतात. बी-12 ही सुरू केलं.

मी सर्वात आधी माफी मागितली. मग सांगितलं की, घंटी तुमच्या स्वभावातून येत नाही. दोन वर्षं कान तिकडे लागलेले होते. रात्रपाळीचा वॉचमन घरी झोपला तरी गेटच्या आवाजाने दचकतो, तसं हे. हे त्यांना पटलं.

मग वेळ बदलली. चौकशी केल्यावर कळलं की जुलैपासून वर्कशीटं पहाटे साडेचार-पाचला लिहिली जात होती, झोप येत नाही तर काम तरी उरकावं म्हणून. डेव्हिड क्लार्क आणि जॉन टीसडेल यांचा 1982 चा अभ्यास मला इथे आठवला. दिवसभरात मनःस्थिती खालीवर होणाऱ्या रुग्णांना, ज्या वेळी जास्त उदास वाटतं त्या वेळी दुःखद आठवणी जास्त येतात, असं त्यात दिसलं होतं. तो अभ्यास मुद्दाम आठवण्याचा होता, नकळत स्मृतीचा नव्हे, हे मला ठाऊक होतं. तरी प्रयोग निरुपद्रवी होता. शोभाताईंचा बरा वेळ म्हणजे संध्याकाळी सहा ते आठ. वर्कशीट आता तेव्हाच लिहायचं ठरलं. पहाटे जाग आली तर लिहायचं नाही, गच्चीवर फेऱ्या मारायच्या.

छोटी कामंही ठरवली. आठवड्यातून एकदा मेट्रोने सीताबर्डीला जाऊन यायचं, काही विकत घ्यायची सक्ती नाही. रविवारी यजमान घरी असताना स्वयंपाकघरात एक तरी पदार्थ दोघांनी मिळून करायचा. सांबारवडीवर मी अडून बसले नाही. ती ऑक्टोबरच्या शेवटी आपोआप झाली.

सर्वात जास्त शिकवलं ते मुलांच्या कागदांनी. 'घर मोठं होतं, पण घरात ____ नव्हतं' हे वाक्य असलेल्या वर्कशीटाचा न तपासलेला गठ्ठा शोभाताईंकडे पडून होता. मी म्हटलं, चुका काढू नका, फक्त उत्तरं वाचा. चार मुलांनी 'कोणी' लिहिलं होतं. बाकी कागदांवर होतं मांजर, नेट, पाणी, फर्निचर, बाळ. एकीने लिहिलं होतं, 'घर मोठं होतं, पण घरात लपायला काहीच नव्हतं.' शोभाताई माझ्यासमोर पहिल्यांदा हसल्या. "सातवीतल्या पोराला मांजर नसण्याचं केवढं दुःख असतं, पाहा." जागा तीच, शब्द वेगळे. हे मी तोंडाने दहा वेळा सांगितलं असतं तरी पोचलं नसतं.

त्यावरून आमचा नेहमीचा अभ्यास ठरला. रोज संध्याकाळी मुलांच्या कागदातला एक शब्द घ्यायचा आणि स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग शोधायचा. एकच दिवस, एकच जागा, सोबत कोण, अंगावर काय, वास कसला. 1996 च्या अभ्यासात शब्दाच्या प्रसंगात स्वतःला कल्पायला लावलं होतं, त्याचीच ही घरगुती उलट बाजू. नुसता 'आनंद' हा शब्द वहीत 50 वेळा लिहून काही होत नाही. अर्थाने काम करावं लागतं. पहिले दोन आठवडे फारसं काही आलं नाही. तिसऱ्यात 'मांजर' वरून वर्ध्याच्या वाड्यातली बोकी आली, धान्याच्या कोठीत व्यायलेली.

घंटीला आम्ही मुद्दाम हात लावला नव्हता. नोव्हेंबरात त्यांनीच काढली. लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला सासूबाईंनी त्यांना टेकडीच्या गणपतीला नेलं होतं. सासूबाई ठेंगण्या, गर्दीत घंटीपर्यंत हात पोचेना. म्हणाल्या, "माझ्या वाटची पण तूच वाजव." सुनेने दोनदा वाजवली. हे सांगताना शोभाताईंना रडू आलं, आणि त्या रडण्यात पहाटेचं रडणं नव्हतं. "दोन वर्षं त्या मला फक्त आजारीच आठवत होत्या. त्याआधी वीस वर्षं आम्ही एकत्र होतो."

निष्पत्ती

आठव्या आठवड्यात पीएचक्यू-9 चे गुण 11 वर आले, जानेवारीअखेर 6 वर. नवव्या प्रश्नाचं उत्तर दिवाळीपासून शून्य आहे. झोप आता साडेपाचपर्यंत टिकते. औषध बरं वाटू लागल्यावरही काही महिने चालू ठेवायचं ठरलं आहे, आणि ते का, हे यजमान आता दिरांना समजावतात.

एक गोष्ट मला अजून पूर्ण उलगडलेली नाही. मन दिवाळीतच हलकं झालं होतं, पण डिसेंबरच्या वर्कशीटांतही मधूनच एखादं वाक्य घसरायचं. त्यांना स्वतःला बरं वाटत असताना. मळलेली वाट पाऊल थांबल्यावर लगेच गवताने झाकली जात नाही, इतकंच मी म्हणेन. म्हणून गुण उतरले तरी मी भेटी बंद केल्या नाहीत, महिन्याला एक ठेवली.

कशाने किती फरक पडला, हे एका प्रकरणावरून सांगता येणार नाही. गोळी, बी-12, वेळ बदलणं, सहकारी शिक्षिकेची साथ, टेकडीचा गणपती, सगळं एकाच तीन-चार महिन्यांत घडलं. शब्दांच्या अभ्यासाने त्या बऱ्या झाल्या असा दावा मी करणार नाही. दिवाळीनंतर त्यांना स्वतःच्या सुचण्याची भीती वाटेनाशी झाली, एवढं मी पाहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

घंटीबद्दल लिहिलंच आहे. रुग्णाच्या नकळत बाहेर आलेलं काही उपचारकाला दिसलं तर ते आपल्या वहीत ठेवावं. त्याची वेळ रुग्ण ठरवतो. शोभाताईंनी ती नोव्हेंबरात स्वतः ठरवली. मी सप्टेंबरात घाई केली त्यामुळे तीन आठवडे वाया गेले, आणि ते जास्तही गेले असते.

पहाटेची वेळ मी पहिल्याच भेटीत विचारायला हवी होती. 'झोप कशी आहे' हे विचारलं होतं. 'जाग आल्यावर काय करता' हे विचारलं नव्हतं.

शाळेने ते कागद चौघांसमोर ठेवायला नको होते. हेतू वाईट नव्हता, पण बंद दाराआड दोघींत झालेलं बोलणं वेगळ्या वाटेने गेलं असतं. कुणाच्या लिखाणात असा बदल दिसला तर आधी 'बरं आहे ना?' विचारावं, मग 'हे काय लिहिलं?' आणि मुळात, अंथरुणावरच्या माणसासाठी डॉक्टर त्या घरी दोन वर्षं येत होते. त्यांच्यापैकी कुणी सुनेला एकदा बसवून तिच्या झोपेची चौकशी केली असती, तर हे प्रकरण माझ्यापर्यंत यायच्या आधीच कुणाच्या तरी हाती लागलं असतं. यजमानांनाही मी सहाव्या भेटीपर्यंत बोलावलं नाही. त्यांची वही कोरी राहिल्याचा राग ते बायकोवर काढत होते, हे मला उशिरा कळलं.

जूनच्या शेवटी, नवं सत्र सुरू व्हायच्या आधी, शोभाताई येऊन गेल्या. पिशवीत सांबारवडीचा डबा आणि सातवीचं पहिलं वर्कशीट. दहा वाक्यं होती. एकात कुलर बिघडला होता, एकात मधल्या सुट्टीची घंटी होऊन डबे उघडले होते. आठवं वाक्य होतं, 'बैल पोळ्याला सजला, पण म्हातारा मालक यंदा अंगणात नव्हता.' ते राहू द्यायचं की काढायचं, हे त्यांनी मला विचारलं नाही. मी कागद घडी करून परत दिला.